खेळ कशाला म्हणायचं आणि भारी खेळाडू कसा ठरवायचा? गावच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत कबड्डीचे सामने होतात, तिथे मी गुणलेखक म्हणून बसतो. कापसाची वेचणी चालू असतानाच रात्रीचे सामने लागतात. शेवटची शिट्टी झाली की गुणलेखकाच्या टेबलाभोवती पोट्टे आणि जाणती मंडळी जमतात आणि वाद पेटतो. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे इथे लिहितो आहे.

साध्या भाषेत सांगा, खेळ कशाले म्हणायचं?

मी चार गोष्टी बघतो. एक, सरावाने वाढणारं कौशल्य लागलं पाहिजे, नुसत्या नशिबावर निकाल लागायला नको. दोन, नियम आधी ठरलेले आणि दोन्ही बाजूंना माहीत असले पाहिजेत. तीन, निकाल असा हवा की पाहुण्या गावचा पंच बसवला तरी तोच लागेल. चार, समोरच्याला जिंकायची खरी संधी पाहिजे.

घाम ही अट मी मुद्दाम घेतलेली नाही. घामावर ठरवायचं म्हटलं तर भर उन्हात डवरणी करणारा माणूस सगळ्यात मोठा खेळाडू ठरेल आणि नेमबाजीला ऑलिंपिकमधून काढावं लागेल. ऑलिंपिकची यादीही काही कायमची नाही. रस्सीखेच १९०० ते १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, मग काढली. क्रिकेट १९०० साली एकदाच खेळलं गेलं आणि आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत येतं आहे. मधल्या काळात क्रिकेट हा खेळ नव्हता असं कोणी म्हणेल का? म्हणून यादीत नाव आहे की नाही एवढ्यावर मी निकाल देत नाही. यादीचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे, ते पुढे येईल.

शंकरपटात बैल पळते, माणूस नुसता छकड्यावर रायते. मंग खेळाडू कोन?

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हा वाद आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगतो, कारण तळेगाव दशासरचा पट इथून जवळ आणि त्याचं वेड घराघरात.

माझं उत्तर: जोडी आणि धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, मिळून एक संघ. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत घोडाही पळतो, उडी मारतो, आणि पदक स्वाराच्या गळ्यात पडतं. तिथे पुरुष आणि बाया एकाच स्पर्धेत उतरतात, कारण ताकद घोड्याची आणि कसब स्वाराचं. धुरकऱ्याचं कसबही तसंच डोळ्यांनी दिसतं. सुटताना दोन्ही बैलांनी एकदम पाय उचलायला हवेत. एक पुढे गेला आणि एक मागे राहिला की जू तिरपं होतं आणि छकडा बाजूला ओढला जातो. तो तिरपेपणा पहिल्या काही पावलांतच सरळ करायचा असतो, आणि तेही हातात कासरा धरून, तोल सांभाळत. वर्षभर जोडीला चारणं, फिरवणं, एकमेकांची सवय लावणं हा सगळा सरावच आहे.

पण बैलाला निवड नाही, हे मान्य करावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली ती याच मुद्द्यावर. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे कायम ठेवले. मला पट मनापासून आवडतो, आणि म्हणूनच म्हणतो की ज्या पटात बैलाला टोचतात तो पट माझ्या लेखी खेळ नाही. टोचून पळवलेल्या जोडीची वेळ ही त्या जोडीची वेळच नव्हे.

आता मोजमापाचं. काही पटांत दोन जोड्या शेजारी पळतात, तिथे डोळ्यांनी निकाल लागतो. जिथे एकेक जोडी घड्याळावर पळते, तिथे घड्याळ कोणाच्या हातात आहे हे आधी विचारा. झेंडी पडलेली दिसल्यावर माणूस बटण दाबतो, म्हणजे सुरुवात नेहमी थोडी उशिरा धरली जाते. शेवटची रेषा मात्र त्याला समोर येताना दिसत असते, तिथे उशीर होत नाही. परिणामी हाताच्या घड्याळावर वेळ कमी येते. ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरची हातघड्याळाची वेळ विजेच्या घड्याळाशी ताडताना ०.२४ सेकंद वाढवून धरतात. पटातल्या पहिल्या दोन-तीन जोड्यांत फरक असतो सेकंदाच्या शंभराव्या भागांचा. म्हणून हातघड्याळाच्या पटातली विक्रमी वेळ आणि सेन्सरच्या पटातली वेळ एका ओळीत लिहू नका, आणि मुळात धावपट्टीची लांबी टेपाने मोजल्याशिवाय दोन गावांच्या वेळा शेजारी मांडूच नका.

बुद्धिबळ? बसून खेळतेत ते.

खेळच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली त्याला मान्यता दिली आणि आशियाई स्पर्धांत तो खेळला गेला आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीतले दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले होते आणि जलद डावांत तिने कोनेरू हम्पीला हरवलं. एकोणीस वर्षांची पोरगी, समोर भारताची सगळ्यात अनुभवी खेळाडू, घड्याळ पळतंय, आणि चूक करायची नाही. माझ्या चारही अटी इथे पूर्ण होतात. मात्र सर्वांत मोठा ॲथलीट कोण, असा प्रश्न असेल तर बुद्धिबळपटूला त्या रांगेत मी धरणार नाही. खेळाडू म्हणून कोणाच्याही बरोबरीचा, पण शरीराच्या क्षमतेची तुलना वेगळी करायची.

पांढुर्ण्याची गोटमार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड टाकतात. वरुडकडची बरीच माणसं बघायला जातात. ती परंपरा आहे आणि तिच्यात माणसं जखमी होतात, जिवानिशी गेली आहेत. समोरच्याला इजा करणं हाच जिथे हेतू, तिथे मी खेळ म्हणणार नाही. कुस्तीत आणि कबड्डीतही हातपाय मोडतात, पण तिथे मुद्दाम इजा केली तर पंच बाहेर काढतो.

दहीहंडीले खेळाचा दर्जा भेटला म्हनतेत, मग आमच्या खेळांले काहून नाही?

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलं आणि गोविंदांना नोकरीतल्या खेळाडू कोट्याचा लाभ देण्याची घोषणा झाली. त्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी जोरात विरोध केला. त्यांचा राग मला समजतो. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि खेळ कशाला म्हणायचं हा प्रश्न खेड्यातल्या पोरासाठी थेट त्या जागेपर्यंत जातो. प्रमाणपत्र कुठल्या खेळाचं, कुठल्या पातळीच्या स्पर्धेचं, कुठल्या संघटनेचं, आणि क्रीडा विभागाच्या पडताळणीत ते टिकतं का, यावर त्याचं सगळं ठरतं.

इथे आमच्या भागासाठी महत्त्वाची गोष्ट. केंद्राच्या नोकरभरतीसाठी खेळांची जी यादी आहे तिच्यात आट्यापाट्या आहे. नऊ आडव्या पाट्या, मधून जाणारी सूरपाटी, आणि पाटीवरच्याला चकवून पार व्हायचं, एवढ्या साध्या आखणीचा हा खेळ विदर्भात अजून जोमात आहे. २०२० साली ती यादी ४३ वरून ६३ खेळांची झाली तेव्हा मल्लखांब आणि रस्सीखेचही आत आले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ नेऊन दाखवले होते, ते मंडळ १९१४ पासून उभं आहे. तरी मल्लखांबाला त्या यादीत यायला एवढा काळ लागला. म्हणून पोट्ट्यांना माझं सांगणं असतं की गावात काहीही खेळा, पण तालुक्याच्या स्पर्धेत उतरण्याआधी भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का ते तालुका किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा. बक्षिसाची रक्कम मोठी असलेली स्पर्धा कागदावर काहीच मोलाची नसते, असं बऱ्याचदा घडतं.

मोबाईलवरचा गेम?

पैसे लावून खेळायचा असेल तर नाही, आणि २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंदच केले. कौशल्याच्या स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने वेगळं धरलं आहे. ते माझ्या अटींत बसतं. मला त्याचं प्रेम नाही, पण प्रेम ही अट नव्हती.

पोलीस भरतीसाठी पोरं पहाटे डांबरीवर धावतात, ते खेळाडू का?

मेहनत खेळाडूचीच. पण १६०० मीटरच्या त्या परीक्षेत ठरलेल्या वेळेच्या आत आलं की पूर्ण गुण मिळतात, त्याहून दहा सेकंद आधी येऊन एकही गुण वाढत नाही. शर्यतीत पहिला कोण ते बघतात, भरतीत पात्र कोण ते. त्यामुळे भरतीच्या गुणांवरून सर्वांत चांगला धावणारा शोधता येत नाही. ज्या पोट्ट्याला पूर्ण गुण मिळवूनही दम उरतो, त्याला जिल्ह्याच्या १५०० मीटरला उभं करा. अशी पोरं आमच्या गावांत आहेत आणि ती भरती होऊन धावणं सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, सगळ्यात भारी खेळाडू कोण, हे मोजायचं कसं?

पहिल्याचा आकडा एकटा बघू नका. पहिला आणि त्याच्या मागचे यांच्यात किती अंतर आहे ते बघा.

क्रिकेटमधल्या ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचं मोठेपण शंभराच्या जवळ असण्यात नाही. भरपूर डाव खेळलेल्या बाकी थोर फलंदाजांची रांग साठच्या आसपास संपते. ग्रॅम पोलॉक ६०.९७, जॉर्ज हेडली ६०.८३. पन्नासची सरासरी असलेला माणूस थोर म्हणवला जातो. थोरांमधले सगळे दहा-बारा धावांच्या पट्ट्यात दाटीने बसले आहेत आणि एक माणूस त्यांच्यापासून जवळपास चाळीस धावा दूर उभा आहे. ५२ कसोटी, ८० डाव, म्हणजे चार दिवसांची चमकही नव्हे. एखाद्या खेळावर खेळाडूची अशी हुकमत दुसरी कुठे दाखवता येईल का, हे मला माहितीतल्या कुठल्याच आकड्यात सापडलेलं नाही.

हेच बुद्धिबळात बघा. १९७२ साली बॉबी फिशरचं मानांकन (रेटिंगचे गुण) २७८५ होतं आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या स्पास्कीचं २६६०. मॅग्नस कार्लसन २०१४ साली २८८२ पर्यंत पोचला, आकडा फिशरहून बराच मोठा. पण त्याच्या मागे इतर खेळाडू फिशरच्या काळापेक्षा जवळ होते. दोघांत कोण मोठा यावर मी भांडणार नाही. कोणी आपल्या काळाच्या किती पुढे होता असं विचाराल तर मी फिशर म्हणेन.

पण ज्याच्याकडे जास्त विकेट, जास्त ट्रॉफ्या, तोच भारी ना?

समोर कोण होतं ते विचारल्याशिवाय नाही. आपल्याच विदर्भाचं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या रणजी हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले आणि एका हंगामातला विक्रम केला. त्याने मोडलेला ६८ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ चा. आता खोलात जा. अमनने ६८ बळी ८ सामन्यांत घेतले, दुबेने ६९ बळी १० सामन्यांत. नुसता भागाकार केला तर अमन पुढे. पण अमनचा बिहार त्या वर्षी प्लेट गटात होता, जिथे बहुतेक संघ रणजीत नव्याने आले होते. दुबे एलिट, म्हणजे वरच्या गटात खेळला, बाद फेरी खेळला, अंतिम सामन्यापर्यंत टाकत राहिला आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. अमनची मेहनत कमी होत नाही, समोर येईल त्यालाच बाद करायचं असतं. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून एकाचा फरक मोजणं चुकीचं आहे.

गावच्या सामन्यांतही हेच होतं. ५५ किलो वजनगटात एखादा संघ पाच ठिकाणी ढाल नेतो, आणि पाचही ठिकाणी आसपासचेच तेच चार संघ असतात.

कबड्डीत भारतच नेहमी जिंकते. याले हुकमत म्हनायची का?

म्हणायची, पण वर्षं बघून. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत हरवलं आणि कांस्यावर यावं लागलं. त्याच वेळी महिलांचा संघही अंतिम फेरीत इराणकडून हरला. २०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत आली, महिलांचं तैवानविरुद्ध २६-२५ असं एका गुणाने. माझ्या हिशोबात त्या एका गुणाचं सुवर्ण आधीच्या सहज जिंकलेल्या सुवर्णांपेक्षा जड आहे. आम्ही कबड्डीवाले जकार्तानंतर खूप दुखावलो होतो, पण इराण आणि कोरिया तयार झाले नसते तर आपली ताकद मोजायला माप कुठून आणलं असतं?

सलग न हरणं हे चांगलं माप आहे का?

चांगलं आहे, कारण त्यात वाईट दिवसही धरले जातात. एडविन मोझेस ४०० मीटर अडथळ्यांत १९७७ ते १९८७ सलग १२२ शर्यती हरला नाही. व्हीलचेअर टेनिसमध्ये एस्थर व्हर्गिअर २००३ पासून निवृत्तीपर्यंत एकेरीचे सलग ४७० सामने जिंकली. फक्त एक खबरदारी: जो अवघड सामने टाळतो त्याचीही मालिका लांबते. कुस्तीच्या दंगलीत जोड ठरवताना आपल्याहून हलका मल्ल मागून घेणारे पहिलवान सगळ्यांना माहीत असतात.

मुलींच्या सामन्यात संघ कमी असतात. मग तिथल्या पहिल्या नंबरला काय किंमत?

किंमत पूर्ण. तिची तुलना तिच्या मैदानातल्या मुलींशीच करायची, जशी ५५ किलोच्या मल्लाची ७४ किलोच्या मल्लाशी करत नाही. संघ कमी आहेत याचं कारण मुलींच्या पायांत नाही. दहावी झाली की घरचे मैदान सोडायला लावतात, रात्रीच्या सामन्यांना मुलींना पाठवत नाहीत, आणि आयोजक मुलींसाठी बक्षीस अर्धं ठेवतात. यातलं शेवटचं तरी मंडळाच्या हातात आहे. दिवसा सामने ठेवा, बक्षीस समान ठेवा, पुढच्या वर्षी संघ वाढलेले दिसतील. आमच्याकडे एका मंडळाने हे केलं आणि ते दिसलं.

चढाई करणाऱ्याचं नाव होते, पकड करणाऱ्याले कोनी इचारत नाही. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि यात दोष आम्हा गुणलेखकांचा जास्त. नियमाप्रमाणे पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा आणि एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे पूर्ण वेळ वापरली तर सगळ्या मिळून ८० चढाया, एका संघाच्या वाट्याला ४०. समजा एकाने १२ गुण आणले, पण ३० चढाया करून. दुसऱ्याने १४ चढायांत ९ आणले. लोक पहिल्याला खांद्यावर घेतात. प्रत्येक चढाईमागे बघा: पहिल्याचे ०.४, दुसऱ्याचे ०.६४. शिवाय पहिला किती वेळा पकडला गेला? प्रत्येक पकडीत समोरच्याला गुण आणि आपला गडी बाहेर.

पकडीचं मोजणं आणखी अवघड. कोपरारक्षकाने घोटा धरला की गुण त्याच्या नावावर. पण शेजारच्याने अंग घालून मध्यरेषेकडची वाट अडवली नसती तर तो घोटा सुटला असता. मी वहीत पकडीच्या रकान्यात दोन नावं लिहितो, पहिला हात कोणाचा आणि आधार कोणाचा. हंगामाच्या शेवटी बेरीज केली की आधाराच्या रकान्यात वर येणारी नावं बघून गावकरी चकित होतात. ते पोट्टे कुणाच्या डोळ्यांत भरलेले नसतात आणि त्यांच्या संघाने कमी गुण दिलेले असतात.

गावोगावच्या संघांना बुद्धिबळासारखं मानांकन देता येईल का?

येईल, आणि पाचवी-सहावीचं गणित पुरतं. ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली घेतली. सगळ्या संघांना सुरुवातीला १५०० द्या. दोन संघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभरात साधारण ७६ वेळा जिंकायला हवं. तो जिंकला तर त्याला थोडेच गुण, कारण ते अपेक्षितच होतं. खालचा जिंकला तर त्याला भरपूर. दर सामन्याला जास्तीत जास्त ३२ गुणांची देवघेव ठेवली, तर १५०० चा संघ १७०० वाल्याला हरवून साधारण २४ गुण मिळवतो आणि तेवढेच समोरच्याचे जातात. उलट झालं तर मोठ्या संघाला फक्त ८. दुबळ्यांना हरवून ढाली गोळा करणारा संघ या पद्धतीत फारसा वर सरकत नाही, म्हणून मला ती आवडते. अडचण एकच: फायनलला बाहेरून उसने खेळाडू आणले की मानांकन संघाचं राहत नाही. नोंदवलेले बारा गडी सोडून कोणी उतरला तर तो सामना मानांकनात धरू नका.

जुन्या खेळाडूंचं काय? त्यांची तर कुठं नोंदच नाही.

प्रत्येक गावात एखाद्या म्हाताऱ्या पहिलवानाचं किंवा धावणाऱ्याचं नाव निघतं आणि तो कोणालाच हरला नाही असं सांगतात. खरंही असेल. ढालींच्या मागे कोरलेली सालं, भिंतीवरचे संघांचे फोटो, जपून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणं, शाळेची प्रमाणपत्रं, एवढं आधी गोळा करा आणि त्याची एक यादी करा. तोंडी माहिती वेगळ्या पानांवर लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं हे शेजारी लिहून. साल आठवत नसेल तर कोणती निवडणूक, कोणता दुष्काळ, कोणाचं लग्न असं विचारलं की बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांच्या आत साल बसतं. समोर कोण होतं हे विचारायला विसरू नका, आणि तो समोरचा हयात असेल तर त्याच्या गावाला जाऊन त्यालाही विचारा. हे काम उन्हाळ्यात, वावरातली कामं कमी असताना करा. यंदा आम्ही पाच गावांपासून सुरू करतो आहोत, कोणाकडे जुन्या ढाली असतील तर सामन्याच्या दिवशी टेबलापाशी घेऊन या.